मऊ छत्री, बुळबुळीत छत्री

त्या सकाळी मी आभाळात उलटी चालले होते. तोंड धावपट्टीकडं, बुटांची टोकं धावपट्टीकडं, आणि डोक्यावरची, विमानातून उडी मारायची एवढी मोठी छत्री मला हळूहळू मागं नेत होती, ट्रॅक्टर रिव्हर्स घेतात तशी. वारं अचानक उठलं होतं. खाली वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल पिशवी आडवी झाली होती आणि तिच्याजवळ मला शिकवणारे सर दोन्ही हात हलवत उभे होते. इकडं ये, इकडं ये. मी तरी काय करू? मी तिकडंच तोंड करून होते. सर लहान लहान होत गेले आणि मागून हरभऱ्याचं शेत आलं.

उतरले ती पाठीवर. दव अजून वाळलं नव्हतं. बांधावर एक बाई विळा घेऊन उभी होती. तिनं मला पाहिलं, हरभऱ्यावर पसरलेली छत्री पाहिली, परत मला पाहिलं.

"आंब धरायला आलीस व्हय?" ती म्हणाली.

पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरतात, दवासोबत पाल्याची आंबट आंब त्यात उतरते, ती पिळून बाटलीत ठेवतात. पोट दुखलं की चमचाभर. हे मलाही ठाऊक होतं. पण आभाळातून पडलेल्या बाईला तिनं इतक्या सरळ तोंडानं विचारलं की मी बसल्या जागी हसायला लागले.

"येवढं मोठं फडकं?" ती म्हणाली. "सगळ्या गावाचं पोट बिघडलंय का तुमच्या?"

मग तीच छत्री गोळा करू लागली. मी म्हटलं, "मावशी, तुमचा हरभरा मोडला."

"असू दे. शेंडे खुडायचेच व्हते. तुझं काय मोडलं का ते बघ."

माझं काही मोडलं नव्हतं. पण मी प्रत्येक उडीनंतर आधी पायांची बोटं हलवून बघते, मग गुडघे, मग मनातल्या मनात देवीला हात जोडते. माझं पोट पायांवर आहे. शिलाई मशीन मी पायानं मारते.

मी माहूरच्या पायथ्याची. गडाखाली आमचं ओटीचं दुकान, नारळ, खण, बांगड्या. आठवी झाली आणि शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली, कुणी सोडायला लावली नाही, आता तेवढं खोदून काय करायचं. नांदेडला मावसबहिणीकडं राहून दप्तरं शिवायच्या कारखान्यात लागले. जाड कापड, जाड सुई, पट्टे आणि बकला. तिथं असताना कळलं की लातूरच्या बाहेर माळावर जुनी धावपट्टी आहे आणि तिथं हिवाळाभर विमानातून उड्या मारायचा कॅम्प बसतो, त्यांना पट्टे शिवणारी बाई पाहिजे. मी आले ती शिवायला. मग छत्र्यांच्या घड्या घालायला शिकले. लोक वरून उडी मारून, उतरून, छत्रीचा बोचका माझ्यापुढं टाकून चहाला जात, आणि मी ती परत तिच्या पिशवीत बसवून पाठपिशवीत बंद करून ठेवी. डॉक्टर लोक, क्लासेसवाले सर लोक, सगळे माझ्या घडीवर उडी मारून राहिले होते आणि मी खाली उभी राहून मान वर करून, तोंड उघडं टाकून मोजून राहिले होते: उघडली. हीपण उघडली.

कॅम्पचे मोठे सर नांदेडचेच, फौजेतून रिटायर झालेले. मराठी बोलता बोलता हुकूम हिंदीत द्यायचे. एक दिवस मला म्हणाले, "बेटा, खामखा मान दुखवून घेऊ नको. वर जाऊन बघ ना."

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही, आणि मला इतकं वाईट वाटलं की मीच जाऊन म्हटलं, "सर, आज विचारणार नाही का?"

तिथून सुरू झालं. मी त्यांचे उपकार किती सांगू! शिकवणी त्यांनी दिली, विमानात रिकामी जागा राहिली की तिच्यात मला बसवलं. मायला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पडू पडू करून राहिली का तू?" आठवड्यानं कळलं की ती दुकानावर येणाऱ्या भक्तांना ओटीसोबत तेही सांगून राहिली आहे, की आमची पोरगी विमानातून खाली येते.

तर हरभऱ्याची गोष्ट. जीप घेऊन मामा आले. मामा म्हणजे लातूरजवळच्या मुरुडचे जीपवाले. हंगामात कॅम्पची गाडी चालवायचे, आणि जो कुठं भलतीकडं उतरेल त्याला गोळा करून आणायचे.

"ताई, आज कुणाचं रान?" मामा म्हणाले. "परवा तुरीत, आज हरभऱ्यात. ज्वारी तेवढी राह्यलीय, लई दुखतंय बगा ज्वारीचं धाट."

सरांनी छत्री पाहिली आणि कपाळाला हात लावला. आंब नायलॉनच्या कापडाला चांगली नाही. स्वच्छ पाण्यानं धुऊन ती सावलीत लटकवली. मग मला समोर बसवलं.

"तुझी चूक नाही. विद्यार्थ्यांची छत्री मोठी असते, आणि तू आहेस पसाभर. वारं जरा वाढलं की ती तुला पुढं नेऊच शकत नाही. आता तुझं शिक्षण झालं. पुढल्या हंगामात ही छत्री मी तुला देणार नाही. तुला तुझी पाहिजे."

माझी! मला आधी हसूच आलं. माझी स्वतःची म्हणावी अशी तोवर एक शिलाई मशीन होती, तीही दुसऱ्याची वापरलेली.

पण सरांनी कॅम्पच्या मालकांशी बोलून ठेवलं होतं. हंगामभर मी घड्या घातल्या म्हणून बक्षीस: जुनी पाठपिशवी, राखीव छत्री आणि वापरलेल्या दोन छत्र्यांमधली एक. संक्रांतीनंतर कॅम्प उठणार, ट्रक भरला जाणार. दुसरी ट्रकवर चढणार आणि परत येणार नाही.

"दोन्ही उडवून बघ," सर म्हणाले. "निवड तू करायची. मी नाही. आणि नीट कर. चुकीची छत्री घरी नेली तर एक दिवस ती पाय मागते."

झालं. रात्रभर मी मनातल्या मनात दोन्ही छत्र्या उघडून बघत राहिले.

छत्रीचं माप वजनावर ठरतं, म्हणून आधी वजन करायचं होतं. नुसतं माझं नाही, सगळा साज अंगावर चढवून. कॅम्पचा काटा बिघडलेला. मामा म्हणाले, "मुरुडला आडतीवर चला की." म्हणून मी हेल्मेट, पट्टे, पाठीवर दोन छत्र्या अशा थाटात मुरुडच्या आडत दुकानात सोयाबीनच्या पोत्यांमध्ये काट्यावर उभी राहिले. हमाल लोक काम सोडून बघायला आले.

"काय माल हाय मामा?" एकानं विचारलं.

"आभाळातला."

"ओलावा किती धरायचा?"

दुसरा म्हणाला, "पोतं लई हलकं हाय. कट्ट्यात भरा." मी हेल्मेटमध्ये हसून हसून घामेजले, काटा हलायला लागला आणि आडतवाले शेठ ओरडले, "बाई, थरथरू नका, माप चुकतंय!"

आकडा ऐकून कॅम्पवरचे एक डॉक्टर, लातूरचेच, मला म्हणाले, "एवढंसं वजन? मग तू माझ्यासारखी लहान छत्री घे. वाऱ्यात बाणासारखी जाशील."

सर तिथंच होते. "डॉक्टरसाहेब, बाणासारखी जाईल आणि बाणासारखी रुतेल. लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड. माणूस हलका असला तरी ती चटकन फिरते. हिला अजून चटकन विचार करता येत नाही."

मला राग आला नाही. खरं होतं. मला तर दुकानात बांगडीचा रंग निवडायला अर्धा तास लागतो.

आता त्या दोन छत्र्या. एक नारंगी-पांढरी, जुनी, जरा मोठी. कित्येक हंगाम तिच्यावर लोक शिकले होते. हातात घेतली की धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखी. घडी घालायला बसले की ती स्वतःच दुमडत जायची, आत भरलेली हवा मुकाट सोडायची, पिशवीत शहाण्या लेकरासारखी जाऊन बसायची. दुसरी निळी, तिच्यापेक्षा एक माप लहान. कापड चकचकीत, करकरीत आणि बुळबुळीत. इकडून दाबली की तिकडून फुगायची.

मी बोटांनी कापड ओळखणारी बाई. पहिल्या मिनिटालाच माझं ठरलं होतं. नारंगी. जी घडीला ऐकते ती उडताना ऐकणार, असं मला वाटलं. सुनेची पारख सैपाकावरून करतात, तशीच ही.

नारंगीची उडी सुरेख झाली. म्हणजे उतरेपर्यंत. उघडली ती अशी हळू, की कुणी खांद्याला धरून उठवलं जणू. खाली काळी रानं, मधे उसाचे हिरवे तुकडे, दूर साखर कारखान्याचा धूर सरळ उभा. मी वर बघून तिला म्हणत होते, किती गुणाची माझी बाई. मग जमीन जवळ आली. उतरताना शेवटी दोन्ही हातातल्या दोऱ्या खाली ओढायच्या असतात; छत्री थबकते आणि माणूस पायरी उतरल्यासारखा जमिनीवर पाय ठेवतो. मी ओढल्या. पुऱ्या ओढल्या, कमरेपर्यंत. ती थबकलीच नाही. जरा विचार केल्यासारखं केलं आणि मला खाली सोडून दिलं. मी बसले ती दाणकन, माकडहाडावर, आणि दातांचा आवाज माझा मलाच ऐकू आला.

बोटं हलवली. गुडघे हलवले. डावा जरा दुखला.

मामा जीपमधून म्हणाले, "बसल्या का बसवलं?"

मी मात्र सरांना सांगून राहिले होते, की माझ्याच हाताला उशीर झाला, छत्री चांगली आहे, बघा ना घडी कशी होते! सर ऐकत राहिले. मग नारंगीचा एक पदर उचलून माझ्या तोंडाजवळ धरला.

"फुंक."

मी फुंकलं. पलीकडं सरांनी माझाच हात धरला होता. माझा गरम श्वास कापडातून गाळून माझ्या तळहाताला लागला.

"आता हिच्यातून."

निळीतून फुंकलं तर गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि पलीकडं काही नाही. झुळूकही नाही.

"नारंगीतून हवा गळते म्हणून ती घडीला सोपी," सर म्हणाले. "हवा धरतच नाही तर भांडणार कशाला? तू जमिनीवरून बघून राहिली बेटा. घडी घालणारीच्या नजरेनं. तिच्याखाली लटकणारीच्या नजरेनं बघ."

हंगामभर मी ज्या छत्र्यांना मनातून शिव्या दिल्या होत्या त्याच चांगल्या होत्या, आणि जिचं कौतुक केलं तिनंच आपटलं. मी खुदकन हसले. गुडघा दुखत होता तरी हसले.

दुसऱ्या दिवशी निळीची घडी घालायला बसले. बसले कसली, झोपले. तिच्यावर पोटावर पालथी पडून हवा काढावी लागते. डावी बाजू दाबली की उजवी उठे. उजवीवर गुडघा ठेवला की शेपूट सुटे. एकदा सगळी गुंडाळून पिशवीत नेली, शेवटचं रबर लावायचं राहिलं, आणि ती फुस्स करून बाहेर आली, हसल्यासारखी. दप्तरं शिवताना इतका घाम कधी आला नव्हता.

मामा चहा घेऊन आले आणि उभेच राहिले. "डुक्कर धरायलाव का ताई?"

"मामा, एक हात लावा ना."

"मी न्हाई बा. मला चावली तर?"

शेवटी बसली. पण बसली तशी माझी भीती उठली. इतक्या मारामारीनं घातलेली घडी नीट असेल का? सरांनी पाठपिशवी उलटसुलट पाहिली, मान हलवली. नीट होती. मग मला तीन गोष्टी सांगितल्या. वर, उंचीवर असतानाच तिला वळवून बघ, आणि उतरताना जसं ओढायचं तसं तिथंच ओढून बघ. पुन्हा पुन्हा. ती तुझ्यापेक्षा लांब जाणारी आहे हे लक्षात ठेव. आणि खाली आल्यावर काही चुकलंसं वाटलं तरी वळायचं नाही. "रान आलं, बांध आला, सरळ. समजलं? वळलीस तर छत्री तुला जमिनीवर फेकील. सरळ उतरलीस तर फार तर चिखल."

"हाव."

विमानात डॉक्टर माझ्यासमोर बसले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "नाडी बघू का?" मी हात पुढं केला. त्यांनी खरंच धरली, आणि मग डोळे मोठे करून हात परत ठेवून दिला. एवढा हशा झाला की दार उघडलं तेव्हा मी हसतच होते. हसतच बाहेर पडले.

निळी उघडली ती तडक. नारंगीनं उठवलं होतं, हिनं शाळेतल्या बाईंनी कान धरून उभं करावं तसं उभं केलं. वर पाहिलं. चौकोनी, घट्ट, काठ न काठ ताणलेला. माझी घडी! ते डुक्कर! मी ओरडलेच, शब्द नव्हे, नुसताच आवाज.

डावी दोरी जरा ओढली. ती वळली, ताबडतोब, आणि माझे पाय बाहेर फेकले गेले, जत्रेतल्या पाळण्यासारखे. उजवी ओढली. तशीच वळली. मग वर असतानाच दोन्ही ओढल्या, आणि काय सांगू, ती थबकली! सगळं थांबलं. वाऱ्याचा आवाजच बंद झाला. मी पुढं झुलले आणि क्षणभर कुठंच पडत नव्हते. हात सोडले, ती पुन्हा निघाली. परत ओढल्या, परत थबकली. पुन्हा. पुन्हा. इकडं लातूरवरचा धुरकट पट्टा, तिकडं कुठंतरी पाणी चमकत होतं, मांजरा नदीचं असावं, आणि मधे मी, आठवी पास, दोन दोऱ्या हातात धरून आभाळाला थांब म्हणत होते आणि ते थांबत होतं.

वाऱ्याकडं तोंड केलं. त्या दिवशीही वाऱ्याची पिशवी भरलेली होती. मी बुटांच्या मधून खाली पाहिलं. रान मागं सरकत होतं. मागं! म्हणजे मी पुढं चालले होते.

"हीच!" मी वरूनच ओरडले. "सर, हीच!"

खालून सरांचा आवाज आला, बारीक, पण पोचला. "आधी उतर!"

तेव्हा भान आलं. हरखून मी उंचीकडं पाहिलंच नव्हतं. ज्या गवतावर उतरायचं ते पायाखालून निघून चाललं होतं. सर म्हणाले होते तशी ती लांब जात होती, मी मोठ्या छत्रीच्या हिशेबानं आले होते. समोर धावपट्टीचं टोक, तिच्यापुढं मोकळा माळ, आणि माळाच्या डाव्या अंगाला मामांची जीप. मामा टपावर बसलेले. उजवा हात आपोआप दोरी ओढायला निघाला. नुसतं वळायचं, बस, म्हणजे गवत परत समोर येईल. हात जायला लागला आणि मला माझा डावा गुडघा आठवला, आणि मशीनचं पायडल, आणि मी हात जागच्या जागी आवळून धरला. सरळ. बांध आला तरी सरळ. मी मोठ्यानं म्हणत होते, "सरळ, सरळ, सरळ," आणि जीप बाजूनं गेली, मामांचं उघडं तोंड बाजूनं गेलं, गवत संपलं, दगडगोट्यांचा माळ आला. आता. दोन्ही ओढल्या, आधी अर्ध्या, मग पुऱ्या.

ती थबकली.

मी पाय टाकला. दुसरा टाकला. दोन्ही पाय माझ्याखाली होते आणि धावत होते, दगडांवरून, काटेरी गवतावरून, छत्री मागं पडली तरी धावत होते, कारण थांबायचं कसं ते आठवेना. शेवटी छत्रीनंच मागं ओढून थांबवलं. मी उभी होते. मी खाली वाकून गुडघ्यांना हात लावला, दोन्ही जागेवर.

मामा पळत आले. "ताई, आज कुणाच्याच रानात न्हाई!" आणि मग माझ्याकडं बघून, "रडायलाव का हसायलाव?"

मी बाहीनं तोंड पुसलं. सर मागून चालत आले, फौजी चाल, घाई नाही. ओरडतील वाटलं.

"उजवा हात कुठं चालला होता?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, "दोरी ओढायला."

"मग?"

"मग नाही गेला."

वाकून त्यांनी निळीचा काठ उचलला, काटे काढायला लागले. मीही बसले, दुसऱ्या बाजूनं काढायला लागले. काटे काढता काढता सर म्हणाले, "ट्रक उद्या भरतो. नारंगी चढवू ना?"

"चढवा," मी म्हटलं. "पण घडी मी घालते."